सूर्यास्ताआधीचे ताट
रिसॉर्टचा मुक्काम ठरवताना सल्लागाराला काय विचारावे?

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. अशा गावातील व्यापारी कुटुंबाचा प्रवास पूर्वी तीनच निमित्तांनी होई : लग्न, माल आणि तीर्थ. लग्नाला सोयऱ्यांचे घर असे, मालासाठी गेले तर अडत्याची पेढी असे आणि तीर्थाला धर्मशाळा व भोजनशाळा. मुक्काम कुठे करावा, हा प्रश्नच उद्भवत नसे. सायंकाळचे जेवण दिवस मावळण्याआधी मिळेल की नाही, ही शंकाही कोणाच्या मनात येत नसे. तिन्ही ठिकाणी यजमानाला पाहुण्याची रीत ठाऊक असे.

आता चौथे निमित्त आले आहे, ते विश्रांतीचे. मुलाने मोबाइलवर दाखवलेली चित्रे मोहक असतात. निळे तळे, लाकडी पडवी, खिडकीबाहेर जंगल. प्रवास-सल्लागार नावाचा नवा अडत्याही आता तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचला आहे. तो स्थळ सुचवतो, खोली राखून देतो, गाडीची सोय करतो. मात्र जुन्या अडत्याला जे न सांगता कळत होते, ते या नव्या अडत्याला सांगावे लागते.

एक उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबांच्या विवाहाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. दोन मुलगे, दोन सुना आणि दोन नातवंडे मिळून आठ माणसे तीन रात्रींसाठी एखाद्या उत्तम रिसॉर्टमध्ये जाण्याचे ठरवतात. आजींचा चौविहार कित्येक वर्षांचा, आजोबांचाही, आणि थोरल्या सुनेचे रात्रिभोजन बंद. सल्लागाराने सुचवलेले ठिकाण सुंदर आहे, भाडे परवडणारे आहे, आणि रात्रीचे भोजन भाड्यात धरलेले आहे. पण ते भोजनगृह उघडते साडेसात वाजता.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्यांच्यासाठी सोहळा, तेच ताटावर नसतील तर सोहळा कोणाचा? आजी काही बोलणार नाहीत. ‘मला भूकच नाही, तुम्ही जेवा,’ एवढेच म्हणतील. घरातल्या ज्येष्ठांचे हे वाक्य बहुधा खरे नसते, आणि ते ऐकणाऱ्यालाही मनातून ते कळत असते.

पहिली सहलही नियमवाल्यांचीच

प्रवासाची व्यवस्था दुसऱ्याने करून देण्याचा आधुनिक व्यवसाय इंग्लंडमध्ये थॉमस कुक याच्या नावाने ओळखला जातो. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरो येथे खास आगगाडीने माणसे नेली, ती मद्यपानविरोधी सभेसाठी. म्हणजे त्याची ती सहलच व्रत पाळणाऱ्या माणसांची होती. महाराष्ट्रात १९८४ साली सुरू झालेल्या केसरी टूर्ससारख्या संस्थांनी मराठी कुटुंबांना समूहाने जग पाहण्याची सवय लावली. गुजराती आणि जैन समाजातील अनेक सहली तर आजही आपला स्वयंपाकी, ज्याला ‘महाराज’ म्हणतात, सोबत घेऊन निघतात. नियम आणि प्रवास यांचे वैर नाही. दोघांची गाठ आधी घालून द्यावी लागते, एवढेच.

त्यासाठी सल्लागाराचे अर्थकारण समजून घेणे उपयोगी. ग्राहकाकडून तो पुष्कळदा वेगळे शुल्क घेत नाही. त्याचे उत्पन्न हॉटेलकडून मिळणाऱ्या कमिशनमधून येते. यात गैर काही नाही. अडत ही व्यापाऱ्याला नवी नाही. परंतु ज्या मालावर अडत अधिक, तो माल अडत्या पुढे करतो, हेही व्यापाऱ्याला नवे नाही. म्हणून ‘तुमच्या मते सर्वांत चांगले कोणते?’ असे विचारण्यापेक्षा ‘आमच्या घरच्या नियमांत बसणारी तीन ठिकाणे सांगा आणि प्रत्येकातली उणीव सांगा,’ असे विचारावे. उणीव सांगणारा सल्लागार सहसा विश्वासाचा असतो.

भाड्यातील न जेवलेले जेवण

हॉटेलच्या दरपत्रकात काही संक्षिप्त अक्षरे असतात. ‘ईपी’ म्हणजे फक्त खोली. ‘सीपी’ म्हणजे खोली आणि सकाळची न्याहारी. ‘एमएपी’ म्हणजे न्याहारी आणि एक मुख्य भोजन, जे बहुतेक ठिकाणी रात्रीचे धरले जाते. ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळचे. जंगलातील रिसॉर्टमध्ये तिन्ही भोजने आणि सफारी मिळून एकच दर लावण्याची पद्धत आढळते.

वरच्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहावा. चार खोल्या, तीन रात्री, म्हणजे बारा खोली-रात्री. दर रात्री १८,००० रुपये धरला तर २,१६,००० रुपये होतात. दररोज ७,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोलीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, म्हणून ३८,८८० रुपये आणखी. एकूण २,५४,८८० रुपये. दर सांगताना ‘कर वेगळा’ हे दोन शब्द हळू आवाजात उच्चारले जातात, ते नीट ऐकावेत. आता या भाड्यात माणशी १,५०० रुपयांचे रात्रीचे भोजन धरले आहे असे मानू. तिघांच्या तीन रात्रींचे १३,५०० रुपये अशा जेवणाचे गेले, जे कोणी जेवलेच नाही.

यावर दोन उपाय आहेत. न्याहारीपुरताच दर घ्यावा आणि सायंकाळचे भोजन पाच वाजता स्वतंत्र मागवावे. किंवा भाड्यातील रात्रीच्या भोजनाऐवजी दुपारचे भोजन द्यावे, अशी विनंती आरक्षणाच्या वेळीच करावी. आधी विचारले तर अनेक हॉटेले ही अदलाबदल मान्य करतात. पोहोचल्यावर विचारले तर स्वागतकक्षातील तरुण नम्रपणे असमर्थता दाखवतो, आणि दोष त्याचा नसतो.

घड्याळ नव्हे, सूर्य पाहावा

स्थळ निवडताना हवामान पाहिले जाते, सूर्यास्ताची वेळ सहसा पाहिली जात नाही. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबासाठी तीच पहिली नोंद असावी. गोंदियाच्या बाजूला डिसेंबरच्या आरंभी सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो. उदयपूर पश्चिमेला असल्याने तेथे त्याच दिवसांत पावणेसहा होतात, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेसहाच्या आसपास. श्रीनगरला जूनमध्ये पावणेआठपर्यंत उजेड असतो. स्वित्झर्लंडमध्ये जूनअखेर सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे तेथल्या हॉटेलात सात वाजताचे भोजनही दिवसाउजेडीचे ठरते. उलट मालदीव विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे बारा महिने सहा-सव्वासहाला अंधारू लागते. परदेश म्हणजे नियम मोडणार आणि जवळचे म्हणजे नियम पाळला जाणार, असे समीकरण नाही. आजींचा चौविहार स्वित्झर्लंडच्या जूनमध्ये जितका सोपा, तितका कान्हाच्या डिसेंबरात नाही.

घराजवळचे वैभव

गोंदियाकरांना जंगलासाठी दूर जावे लागत नाही. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प २०१३ साली घोषित झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक याच अरण्यावर लिहिले, आणि मारुती चितमपल्लींचे नाव नवेगावबांधशी कायमचे जोडले गेले. याच जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रात हा पक्षी मुख्यतः याच भागात उरला आहे. जे पाहण्यासाठी परगावचा पाहुणा खर्च करून येतो, ते येथील माणूस दुकानाला जाता जाता पाहतो.

उंची मुक्कामासाठी मात्र शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे लागते. बालाघाट, बैहर मार्गे कान्हाच्या मुक्की प्रवेशद्वाराकडे जाता येते. बंजार नदीच्या काठी ताज सफारीचे ‘बंजार टोला’ आणि पेंचला त्यांचेच ‘बाघवन’ ही निवासस्थाने प्रसिद्ध आहेत. इतर दर्जांची निवासस्थानेही दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

येथे सल्लागार बहुधा सकाळ-संध्याकाळ अशा दोन्ही सफारी सुचवतो. सायंकाळची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. परतून हातपाय धुईपर्यंत चौविहाराची वेळ निघून गेलेली असते. म्हणून ज्येष्ठांनी सकाळचीच सफारी घ्यावी. ती पहाटे निघते, आणि सोबत दिलेली न्याहारीची टोपली जंगलातील थांब्यावर उघडली जाते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी पाळणाऱ्यांना ही वेळ आपोआप जुळते. फक्त त्या टोपलीत बटाट्याची कटलेट किंवा अंड्याचे सँडविच निघू नये, हे आदल्या रात्री स्वयंपाकघरात जाऊन सांगावे. उकळलेल्या पाण्याची बाटली वेगळी मागून घ्यावी. सायंकाळी तरुणांनी जंगलात जावे, आजी-आजोबांनी पाच वाजता निवांत जेवून पडवीत प्रतिक्रमणाला बसावे. कोणाचेच काही उणे राहत नाही.

काळाची निवडही विचाराने करावी. कान्हा-पेंचचे गाभाक्षेत्र पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, बंद असते. तो चातुर्मासाचाच काळ, तेव्हा त्या दिवसांत जाण्याचा प्रश्न नाही. दिवाळीनंतर धानाची आवक सुरू होते आणि दुकान सोडवत नाही. मार्चमध्ये हिशेब मिटवायचे असतात, मेमध्ये ऊन असह्य होते. धान्याच्या व्यापाऱ्याला खरा मोकळा महिना फेब्रुवारी. हवा सुखद असते, कान्हाला सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. तारीख ठरवताना पंचांगही जवळ ठेवावे. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न घेणाऱ्यांचे ताट त्या दिवशी वेगळे लागते.

दूर जाताना

दूरचा मुक्काम हवा असेल तर तीर्थ आणि विश्रांती एकत्र येतात अशा जागा निवडाव्यात. उदयपूरच्या पिछोला तलावातील जगनिवास महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधवला. आज तेच ताजचे लेक पॅलेस हॉटेल. उदयपूरहून राणकपूरचे १,४४४ खांबांचे चौमुखी आदिनाथ मंदिर आणि केसरियाजी ही दोन्ही तीर्थे एका दिवसाच्या फेरीत स्वतंत्रपणे करता येतात. त्या दिवशीचे भोजन तीर्थाच्या भोजनशाळेत होते, आणि आजींना ते राजवाड्यातल्या ताटापेक्षा अधिक रुचण्याची शक्यता आहे. दक्षिणेत कूर्ग किंवा चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यातील मुक्कामाला श्रवणबेळगोळ जोडता येते. विंध्यगिरीच्या पायऱ्या चढवत नसतील तर डोलीची चौकशी आधी करावी.

मालदीवचे वेगळे आहे. १९७२ मध्ये तेथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही पद्धत रूढ झाली. एकांत संपूर्ण, पण पर्याय शून्य. बेटावर दुसरे भोजनगृह शोधायला वाव नाही. कंदमुळाविना स्वयंपाक जमत नसेल तर तीन दिवस फळांवर काढावे लागतात. शिवाय पाण्यावर उतरणारी छोटी विमाने दिवसाउजेडीच उडतात. आपले विमान उशिरा पोहोचले तर पहिली रात्र मालेत काढावी लागते आणि तिचा खर्च निराळा. विमानातील भोजनासाठी ‘व्हीजेएमएल’ हा जैन भोजनाचा संकेत तिकिटावर आधीच नोंदवून घ्यावा. नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्यास कांदा-बटाटा येतो.

विदेशी पॅकेजच्या रकमेवर विक्रेता टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केला जाणारा प्राप्तिकर, घेतो. ही तरतूद १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. दर आणि मर्यादा अर्थसंकल्पांत वारंवार बदलल्या आहेत, म्हणून चालू दर विचारूनच पैसे द्यावेत. हा खर्च नव्हे, विवरणपत्रात तो वळता होतो. मात्र ज्याच्या पॅनवर भरला, त्याच्याच खात्यात तो जमा दिसतो. कर न भरणाऱ्या आजींच्या पॅनवर आरक्षण केल्यास परताव्याची वाट पाहत बसावे लागते.

आगाऊ रक्कम म्हणजे विनातारण कर्ज

सल्लागाराला दिलेली आगाऊ रक्कम ही त्याला दिलेली उधारी असते, तीही तारणाशिवाय. दुकानात अनोळखी माणसाला अडीच लाखांचा माल उधारीवर न देणारा व्यापारी सहलीसाठी तेवढीच रक्कम एका फोनवर पाठवतो, हे नवल आहे. रक्कम टप्प्यांनी द्यावी. ती व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या खात्यात भरावी. करपावती घ्यावी. हॉटेलचा आरक्षण क्रमांक मिळाल्यावर थेट हॉटेलला फोन करून नोंद आपल्या नावावर आहे याची खात्री करावी. किती दिवस आधी रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लेखी घ्यावे.

आणि त्याच लेखी पत्रात चार ओळी भोजनाच्या असाव्यात : कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य, भांडी शक्यतो वेगळी, गाळून उकळलेले पाणी, आणि सायंकाळचे ताट सूर्यास्तापूर्वी पाऊण तास. ‘जैन फूड मिळेल’ हे तोंडी आश्वासन पुरेसे नाही. अनेक स्वयंपाकघरांत त्याचा अर्थ फक्त कांदा-लसूण वगळणे एवढाच घेतला जातो.

या चार ओळी लिहिण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. भोगोपभोगाची मर्यादा घालून घेतलेल्या माणसाला रिसॉर्टमधल्या चाळीस पदार्थांचे अप्रूप नसते. त्याला आपले मोजके पदार्थ वेळेवर आणि सगळ्यांसोबत हवे असतात. पन्नास वर्षांच्या संसाराच्या निमित्ताने निघालेल्या त्या कुटुंबाने एक दिवस तरी आठही जणांसाठी पाच वाजताच पंगत मांडायला सांगावी. नातवंडांना तेव्हा भूक नसेल, ती थोडी कुरकुर करतील. पण आजींना ‘मला भूकच नाही’ असे म्हणावे लागणार नाही.