रानडुकराचे आतडे आणि आपली परिभाषा

पशुवैद्यकाच्या एका आकृतीला मराठी नावे देण्याचे काम माझ्याकडे आले. आकृती रानडुकराच्या आतड्याच्या रक्तपुरवठ्याची. पहिली अडचण पहिल्याच शब्दाची. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीला मराठी विश्वकोश 'रोहिणी' म्हणतो, आमच्या इंदूरच्या मुलांची हिंदी पुस्तके 'धमनी'. दोन्ही शब्द सुश्रुताचे, पण आजच्या अर्थाने नव्हेत. त्याच्या 24 धमन्या नाभीतून निघतात, आणि त्याच्याकडे रोहिणी ही रक्त वाहणारी, तर नीला ही पित्त वाहणारी सिरा आहे. मी 'रोहिणी' घेतला. मराठीत तो रुळलेला आहे.

पोटातल्या महारोहिणीपासून पचनमार्गाकडे तीन फाटे निघतात. पहिला मुख्यतः जठर, यकृत व प्लीहेचा. दुसरा सर्वांत महत्त्वाचा. आतडे पाठीकडून टांगून धरणाऱ्या पडद्यातून, म्हणजे आंत्रबंधातून, तो जवळजवळ सगळ्या लहान आतड्याला आणि मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागाला रक्त देतो. उरलेला शेवटचा भाग तिसऱ्याकडे.

माणसात दुसऱ्या-तिसऱ्याला 'ऊर्ध्व' आणि 'अधो' म्हटले की भागते, कारण माणूस उभा असतो. डुकराच्या बाबतीत वर म्हणजे पाठ! तिथे दुसरा फाटा तिसऱ्याच्या वर नसून पुढे, डोक्याच्या बाजूला असतो. 'शीर्ष' म्हणावे तर शेजारीच 'शिरा' हा शब्द उभा. म्हणून 'अग्र आंत्रबंध रोहिणी' आणि 'पश्च आंत्रबंध रोहिणी'.

खरी गंमत मोठ्या आतड्याच्या 'आरोही' भागाची. माणसात तो खरोखर चढतो. डुकरात त्याची भोवऱ्यासारखी निमुळती गुंडाळी असते: बाहेरचे वेढे टोकापर्यंत जातात, तिथे उलटतात आणि आतून परत येतात. त्यांच्या रोहिण्या गुंडाळीच्या मधोमध धावतात. याला 'आरोही' म्हणणे म्हणजे माणसाचा अंगरखा डुकराला घालणे. 'वेटोळे' हा घरचा शब्द इथे चपखल बसतो.

लहान आतड्याकडे जाताना रोहिण्या एकमेकींना जोडून कमानी करतात. डुकरात या कमानी आतड्यापासून दूरच संपतात. उरलेले अंतर असंख्य, अतिशय बारीक, जवळजवळ समांतर रोहिण्या कापतात. त्यांना 'केश' लावता येत नाही, तो 'केशवाहिनी'ने आधीच घेतला आहे. मी 'तंतुरोहिणी' सुचवला आहे.