तोल मोजणारा पाट

मल्लखांबाच्या बोंडावर एका पायाने उभा राहिलेला मुलगा तुम्ही पाहिला असेलच. पुण्यास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी हा खेळ पुन्हा नावारूपाला आणला, त्याला आता दोनशे वर्षे होऊन गेली. तो मुलगा पुतळ्यासारखा स्थिर वाटतो खरा. पण नीट पाहिलेत तर त्याचा घोटा सारखा किंचित हलत असतो. आपणही नुसते उभे असताना असेच डुलत असतो. हे डुलणे मोजता येईल काय?

आधी तोल सांभाळतो कोण, ते पाहू. मेंदूला तीन ठिकाणांहून वर्दी मिळते. डोळे सभोवतालची खबर देतात. तळपाय, स्नायू व सांधे भार कोठे पडला ते कळवतात. तिसरी वर्दी कानाच्या अगदी आतल्या भागातून येते. तेथे प्रत्येक कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. फुगडी घालून तुम्ही एकदम थांबता, पण हा द्रव थोडा वेळ फिरतच राहतो. म्हणून घर फिरल्यासारखे वाटते!

लहान मुले डोळ्यांवर फार विसंबतात. ली आणि ॲरन्सन या शास्त्रज्ञांनी १९७४ साली एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीची जमीन स्थिर, भिंती मात्र सरकणाऱ्या. नुकतीच चालू लागलेली मुले तीत उभी केली. भिंती थोड्याशा सरकताच मुले झोकांड्या खाऊ लागली, काही तर पडलीच. जमीन हलली नव्हती, पण डोळ्यांनी सांगितले ते त्यांनी खरे मानले. वय वाढते तसा मेंदू तिन्ही वर्द्या ताडून पाहण्यास शिकतो.

डोळे मिटून उभे करण्याची तपासणी जर्मन डॉक्टर रोम्बर्ग यांच्या नावाने दीडशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, हेही घड्याळाने मोजतात. पण दोन मुले दहा-दहा सेकंद उभी राहिली, त्यांतला एक शांत आणि दुसरा हात झाडत कसाबसा टिकलेला, तर घड्याळाला दोघे सारखेच!

हा फरक दाखवणारे बलमापक मंच प्रयोगशाळांत असतात. ते महाग पडतात. २००७ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने व्हिडिओ खेळासाठी पाटासारखी एक फळी काढली. तिच्या चार कोपऱ्यांखाली चार भारमापक होते. भार पडला की आतली धातूची पट्टी किंचित वाकते, तिच्यावरील तारेचा विद्युत्‌रोध बदलतो आणि त्यावरून वजन कळते. चार वजनांवरून भाराचा मध्य कोठे आहे ते निघते. एका सेकंदात हे अनेकदा होते व पडद्यावर ठिपका फिरू लागतो. ठिपक्याने काढलेली रेघ जितकी लांब, तितके डुलणे अधिक. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१० साली ही फळी प्रयोगशाळेच्या मंचाशी ताडून पाहिली, तेव्हा दोहोंची मोजमापे चांगली जुळली. आता ती फळी कंपनी बनवीत नाही, पण तत्त्व तेच आहे.

ते घरीही पाहता येते. दोन वजनकाटे शेजारी ठेवून प्रत्येकावर एक पाय ठेवा. डावा काटा २२ किलो व उजवा १८ किलो दाखवतो, पावलांत अंतर २० सेंटीमीटर आहे, असे समजा. मग भाराचा मध्य डाव्या पावलापासून १८ × २० ÷ ४० = ९ सेंटीमीटरवर, म्हणजे मधोमध नसून १ सेंटीमीटर डावीकडे. आता डोळे मिटा व मित्राला आकडे वाचू द्या. (भिंतीजवळ उभे राहा बरे का!)

खेळातले गुण म्हणजे तोल नव्हे, हे मात्र शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. दुसऱ्या दिवशी मुलाचे गुण वाढले, तर कदाचित तो खेळच शिकला असेल. म्हणून तपासताना खेळाचे गुण बाजूला ठेवून ठिपक्याची रेघच पाहिलेली बरी, आणि तीही त्याच वयाच्या मुलांशी ताडून.

वर्गात एखादे मूल वारंवार पडते आणि सारे त्याला वेंधळा म्हणतात. त्याच्या कानात पडद्यामागे पाणी साठलेले असू शकते. जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या तोल राखणाऱ्या नलिकाही नीट काम करीत नाहीत, कारण ऐकण्याचा शंख आणि या नलिका अगदी लगत असून त्यांतला द्रवही सामाईक असतो. असे मूल उजेडात ठीक चालते. अंधाऱ्या जिन्यात मात्र अडखळते.