व्हॅम्पायर प्रेमात पडतो तेव्हा (एपिसोडचा ट्रान्सक्रिप्ट)

आज बोलायचंय हॉररच्या नावाखाली येणाऱ्या, पण आतून पक्क्या लव्हस्टोरी असलेल्या सिनेमांबद्दल. म्हणजे व्हॅम्पायर फिल्म्स. स्पॉयलर्स भरपूर आहेत, आधीच सांगून ठेवते.

झोंबीवर कुणी फिदा होत नाही. मग व्हॅम्पायरवरच का? देखणा चेहरा, काळा कोट, सगळं मान्य. पण मला विचाराल तर खरी गंमत त्याच्यावरच्या अटींमध्ये आहे. उन्हात जायचं नाही, बोलावल्याशिवाय घरात यायचं नाही आणि रक्ताशिवाय जगता येत नाही. या तीन अटींमुळेच त्याच्या प्रेमाला काहीतरी किंमत येते. एकेक बघूया.

पहिली अट : ऊन

ही अट मुळात नव्हतीच! ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो. त्याची ताकद कमी होते, एवढंच. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर आला १९२२ मध्ये, मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटात. त्यात एलेन नावाची बाई काउंट ऑरलॉकला पहाटेपर्यंत आपल्याजवळ थांबवून ठेवते. कोंबडा आरवतो, ऊन येतं आणि तो विरून जातो. तीही वाचत नाही.

सिनेमा स्टोकरच्या बायकोची परवानगी न घेता काढला होता. तिने केस केली आणि कोर्टाने सगळ्या प्रिंट्स नष्ट करायला सांगितलं. काही वाचल्या, म्हणून आज आपण तो बघू शकतो. आणि तेव्हापासून व्हॅम्पायरच्या प्रत्येक भेटीला डेडलाइन आहे, ती म्हणजे सकाळ.

दुसरी अट : उंबरठा

आता २००८ साल. त्या एकाच वर्षी दोन सिनेमे आले. 'ट्वायलाइट' सगळ्यांना माहितीये. त्यात एडवर्ड बेलाच्या खोलीत रात्री येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला पत्ताच नसतो. आणि सिनेमा म्हणतो, बघा, किती रोमँटिक!

दुसरा स्वीडिश, थॉमस आल्फ्रेडसनचा 'लेट द राइट वन इन'. स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरात, बर्फात, शाळेत मार खाणारा बारा वर्षांचा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली. दोघं भिंतीवर टकटक करून मोर्स कोडमध्ये बोलतात. एकदा एली दारात उभी राहते आणि आत बोलव म्हणते. ऑस्कर मुद्दाम बोलवत नाही. न बोलावता आलं तर काय होतं, हे त्याला बघायचं असतं. ती येते. आणि तिच्या डोळ्यांतून, कानांतून, अंगातून रक्त यायला लागतं. तो घाबरून ओरडतो, ये, तू येऊ शकतेस!

परवानगी म्हणजे काय, हे समजावणारा इतका साधा सीन मी दुसरा पाहिलेला नाही. 'मला यायचंय, पण तू म्हणशील तरच' असं म्हणणारा राक्षस, आणि त्या मर्यादेची चेष्टा करणारा माणूस. तरी हा सिनेमाही गोड गोड नाहीये हं. एलीसोबत एक म्हातारा होत चाललेला माणूस असतो, तिच्यासाठी खून करणारा. ऑस्कर उद्याचा तोच असेल का? सिनेमा उत्तर देत नाही.

तिसरी अट : रक्त

आणि आता माझा सगळ्यात लाडका, जिम जार्मुशचा 'ओन्ली लव्हर्स लेफ्ट अलाइव्ह'. २०१३ मध्ये कान महोत्सवात आला. ॲडम डेट्रॉइटमध्ये, ईव्ह मोरोक्कोतल्या टँजियरमध्ये. शतकानुशतकं नवरा-बायको, पण लाँग डिस्टन्स! ती आयफोनवरून कॉल करते, तो जुन्या टीव्हीला जुगाड करून बोलतो. तो खचलाय हे तिला कळतं. मग ती सुटकेसमध्ये फक्त पुस्तकं भरते आणि रात्रीच्याच फ्लाइट्स शोधून निघते.

दोघं रात्री गाडीतून ओसाड डेट्रॉइट बघत फिरतात. मिशिगन थिएटर बघतात. १९२६ चं आलिशान नाट्यगृह, आता कोरीव छताखाली गाड्यांचं पार्किंग. याच जागेवर हेन्री फोर्डने आपली पहिली गाडी बनवली होती. सिनेमा कानमध्ये दाखवला त्यानंतर दोनच महिन्यांत डेट्रॉइट शहराने दिवाळखोरी जाहीर केली. मरत चाललेल्या शहरात न मरणारी दोन माणसं, आणि मागे ल्यूट आणि गिटारचं संथ संगीत. हेडफोन लावूनच बघा.

ॲडम आणि ईव्ह आइन्स्टाइनबद्दलही बोलतात, एकमेकांत गुंतलेल्या, लांब असूनही जोडलेल्या कणांबद्दल. माझ्यातली इंजिनियर इथे तोंड उघडणारच. एंटँगलमेंटने मेसेज पाठवता येत नाही. पण म्हणूनच ती उपमा मला आवडते. नातं आहे म्हणून समोरच्याची खबर आपोआप मिळत नाही. फोन करावा लागतो, विमान पकडावं लागतं.

पण जार्मुश इथे थांबत नाही. हे दोघं सभ्य, हॉस्पिटलमधून विकत घेतलेलं शुद्ध रक्त पिणारे. शेवटी टँजियरमध्ये ते संपतं, भुकेने जीव जायची वेळ येते. समोर एक तरुण जोडपं किस करत असतं. आणि आपले लाडके कवीमनाचे प्रेमी त्यांच्याकडे दात काढून जातात. आपण दोन तास ज्यांच्या प्रेमात होतो, त्यांच्या प्रेमाचं बिल दुसरंच जोडपं भरतं.

म्हणून पुढचा व्हॅम्पायर सिनेमा बघाल तेव्हा मूड एन्जॉय कराच, पण दोन गोष्टी तपासा : आत येताना विचारलं होतं का, आणि रक्त कुणाचं गेलं? पासवर्ड मागणाऱ्या, लोकेशन चोवीस तास ऑन ठेवायला लावणाऱ्या प्रेमालाही हेच प्रश्न लागू पडतात.

तुमचा आवडता व्हॅम्पायर कोण, मला नक्की सांगा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. शुभ रात्री!