निदान लागत नाही तोवर

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य एरवी दिलासा देतं. पण महिनोन्महिने ताप, चक्कर, थकवा किंवा दुखणं सोसणाऱ्या माणसाला ते ऐकताना भीती वाटते. आजार नाही म्हणावं तर अंथरुणातून उठवत नाही, आणि आहे म्हणावं तर कागदावर त्याचा पुरावा नाही. अशा वेळी नवरा किंवा बायको साहजिकच धावपळ सुरू करते. नवा डॉक्टर, नवी तपासणी, कुणीतरी सुचवलेला काढा, कुणीतरी सांगितलेला नवस. या धावपळीमागची माया खरी असते. तरीही या काळात जोडीदाराचं मोठं काम वेगळं आहे. आजाराची हकिगत एकसंध सांभाळायची, दुखण्यावर विश्वास ठेवायचा आणि निदानासाठी आयुष्य खोळंबून राहू द्यायचं नाही.

या म्हणण्याला आधार आहे. निदान न झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2008 मध्ये एक खास कार्यक्रम सुरू केला आणि पुढे त्यातून अनेक रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं. या जाळ्यात तपासणी पूर्ण झालेल्या 382 रुग्णांचा अहवाल 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्णात डॉक्टर आणि जनुकीय तपासणी हाताशी असूनही 132 जणांचंच, म्हणजे सुमारे 35 टक्क्यांचं निदान झालं. त्यातली बहुतेक निदानं जनुकीय तपासणीतून लागली, पण 15 निदानं रुग्णाची माहिती आणि लक्षणं नव्याने बारकाईने पाहूनच झाली. निदान झालेल्यांपैकी उपचार बदलले ते साधारण पाचांपैकी एकाचे. हे रुग्ण अतिशय गुंतागुंतीचे होते, त्यामुळे हे आकडे प्रत्येक घराला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण त्यातून दोन गोष्टी नक्की कळतात. जुन्या माहितीतही उत्तर दडलेलं असू शकतं, आणि उत्तर मिळालं तरी त्यासोबत औषध मिळेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम फाइलचं. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावावेत. कोणतं औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्याने काय फरक पडला, हे एका पानावर मांडावं. ‘नॉर्मल’ याचा अर्थ एवढाच की त्या तपासणीत जे शोधलं ते त्या वेळी सापडलं नाही. उभं राहिल्यावर नाडी भलतीच वाढण्याचा एक विकार असतो. प्रौढांमध्ये उभं राहिल्यापासून दहा मिनिटांत ती मिनिटाला 30 किंवा अधिक ठोक्यांनी चढते, पण झोपवून काढलेल्या ईसीजीत काहीच दिसत नाही. एंडोमेट्रिओसिस या स्त्रियांच्या आजारात साधी सोनोग्राफी निर्दोष येऊ शकते. दुखणं पाळीच्या कोणत्या दिवसांत वाढतं, ही घरातली नोंद तिथे डॉक्टरांना दिशा देते. रोजच्या सोबतीमुळे जोडीदाराला दिसणारं बरंच काही ओपीडीतल्या दहा मिनिटांत दिसू शकत नाही. फक्त तिथे आधी रुग्णाला बोलू द्यावं. बायकोचं दुखणं नवऱ्यानेच सांगायचं, ही आपल्याकडची सवय घातक आहे.

सतत नोंदी ठेवल्याने आजारच घरभर होऊन बसेल, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी, दोन-तीन ओळी लिहायच्या आणि वही मिटायची. दुसरा आक्षेप असा की डॉक्टर बदलले नाहीत तर खरं निदान निसटेल. दुसरं मत जरूर घ्यावं, पण पूर्ण फाइल घेऊन. विश्वासातला एक फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर मध्यवर्ती ठेवावा. नाहीतर प्रत्येक ठिकाणी तपासण्या पहिल्यापासून होतात आणि औषधं एकमेकांत अडकतात. मात्र वजन झपाट्याने उतरणं, रक्त जाणं, शुद्ध हरपणं, अचानक हात-पाय लुळे पडणं, अशा वेळी वाट पाहायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

सर्वांत अवघड प्रश्न मनाचा. ‘टेन्शनमुळे होतंय’ हे खरं असेल तर? असू शकतं, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. पण निदान सापडलं नाही, एवढ्यावरून दुखणं मनाचं ठरत नाही. पोटातल्या अल्सरचं खापर कित्येक वर्षं ताणावर फोडलं जात होतं. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी बहुतेक अल्सरमागे जिवाणू असल्याचं दाखवलं, आणि त्यांना 2005 चं नोबेल मिळालं. शिवाय मेंदूचं कार्य बिघडल्याने येणारी, स्कॅनमध्ये न दिसणारी लक्षणंही खरीच असतात आणि त्यांवर उपचार असतात. विश्वास ठेवणं म्हणजे रुग्णाचा प्रत्येक तर्क मान्य करणं नव्हे. दुखतंय, हे मान्य करणं. सून आजारी पडली की ‘कामाचा कंटाळा’ म्हणणाऱ्या घरात हे मोठ्याने सांगण्याची जबाबदारी नवऱ्याची आहे.

वेदना, झोप, अशक्तपणा यांवर निदानाआधीही उपचार करता येतात. कामाची वाटणी बदलता येते, नोकरीत सवलत मागता येते, फिजिओथेरपीचा सल्ला घेता येतो. सोबत करणाऱ्यालाही विश्रांती लागते. आठवड्यातले काही तास भावंडांकडे किंवा शेजाऱ्यांकडे जबाबदारी सोपवणं हा स्वार्थ नाही, कारण हा प्रवास किती लांबेल हे कुणालाच ठाऊक नसतं. निदानाचा शोध चालू ठेवावा, पण घराचा सगळा पैसा आणि जीव त्या एका शब्दावर लावू नये. तो शब्द देणं डॉक्टरांच्या हाती आहे, आणि कधी कधी त्यांच्याही नाही. आजारी माणसाला घरात एकटं न पाडणं मात्र आजपासूनच आपल्या हाती आहे.