झोपेत घसा अडवणारी जीभ

जिभेचा सर्वांत मोठा स्नायू, जीनिओग्लॉसस, हनुवटीच्या हाडाच्या आतल्या बाजूपासून पंख्यासारखा जिभेत पसरतो. प्रत्येक श्वासागणिक तो जीभ पुढे ओढून घशातली वाट मोकळी ठेवतो. झोपेत तो सैलावतो. घसा मुळात अरुंद असला किंवा लठ्ठपणामुळे जिभेतही चरबी साठली असली, तर उताणे झोपल्यावर जीभ मागे सरकून वाट बुजवते. उन्हाळ्यात अमरावती-अकोल्याकडे सगळे घर गच्चीवर झोपते, तेव्हा शेजारच्यांना हे स्पष्ट ऐकू येते: जोरदार घोरणे, मग दहा सेकंद किंवा त्याहून जास्त शांतता, आणि एकदम धाप. रक्तातला प्राणवायू घटल्याने मेंदू अर्धवट जागा होतो, स्नायू ताणला जातो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच चालते. सकाळी मात्र झोपणाऱ्याला त्यातले काही आठवत नाही. घरच्यांची साक्ष म्हणूनच मोलाची.

मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांच्या 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत झोपेत श्वास अडण्याचा हा विकार 7.5 टक्के जणांत आढळला. हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र हा मुख्य उपचार. जिभेचे व्यायाम काहींचा त्रास कमी करतात, तर निवडक रुग्णांत जिभेच्या मज्जातंतूला विद्युत उत्तेजना देणारे उपकरण बसवतात.