दाराबाहेरची शिक्षा

अंगुलिमालाची कथा आपल्या शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मात्र ती बहुधा अर्ध्यावरच थांबते. दरोडेखोर भिक्खू झाला, येथे आपण हात जोडतो. मज्झिम निकायातील सुत्त पुढे जाते. पाचशे घोडेस्वारांसह त्याला धरण्यास निघालेल्या प्रसेनजित राजाने चीवरधारी अंगुलिमालाला चीवर-भोजन देऊ केले. श्रावस्तीच्या रस्त्याने मात्र तसे केले नाही. भिक्षेला गेलेला अंगुलिमाल फुटके डोके, भंगलेले पात्र व फाटलेले चीवर घेऊन परतला. राजाने सोडले, लोकांनी सोडले नाही.

येरवड्याहून सुटून लोणावळा लोकलने वडगावला उतरणाऱ्या माणसाची अवस्था आजही याहून फार वेगळी नसते. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कामाला लागायचे तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आड येतो. भाड्याने खोली मिळत नाही. शिवाय आत गेलेला प्रत्येक जण दोषी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील दर चार बंद्यांपैकी सुमारे तिघे न्यायाधीन, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते होते. त्यांतला कोणी पुढे निर्दोष ठरला, तरी गावाच्या लेखी तो 'आत जाऊन आलेला'च राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तर मराठी मुलखाने स्वातंत्र्यापूर्वीच दिले आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या संस्थानात, मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून, १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तेथे उंच भिंत नाही. बंदी पत्नी-मुलांसह राहतो, वाट्याला आलेली जमीन कसतो आणि स्वतःचे घर चालवतो. शेजारच्या माडगूळचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी त्यावरून कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' पडद्यावर आणला. चित्रपटात जेलरची नजर मोठी ठरते. आम्हांस स्वतंत्रपुरात चूल मोठी वाटते. ज्याचे घर तुटले नाही, त्याला सुटल्यावर नवे घर शोधावे लागत नाही.

सर्वांना अशी वसाहत लाभत नाही. इतरांसाठी जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात परिवीक्षा अधिकारी असतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून बंद्यांसोबत काम करतो. कायदाही काही अंशी पाठीशी आहे. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमाखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. गॅरेज, नर्सरी वा छोटे वर्कशॉप चालवणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे की, परिवीक्षा अधिकाऱ्यास भेटून एका माणसाला कामावर घेता येते.

आणि मुलांचे काय? सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानुसार मूल सहा वर्षांचे होईपर्यंत बंदी आईजवळ राहू शकते. नंतर नातेवाईक सांभाळतात, किंवा कोणीच नाही. राज्याची बालसंगोपन योजना अशा मुलांनाही लागू आहे, पण ती त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोहोचवावी लागते. आमच्यासारख्या निवासी शाळेकडे ही मुले येतात, तेव्हा प्रवेश-अर्जावरील 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना कोरा असतो. तो भरून घेण्याचा आग्रह आम्ही धरत नाही.