कुक्कुटखाद्यातील वनस्पतिज वृद्धिवर्धके

कोंबड्यांची वाढ जलद व्हावी म्हणून खाद्यात अल्प मात्रेत मिसळण्यात येणाऱ्या प्रतिजैव पदार्थांऐवजी वापरली जाणारी वनस्पतींची चूर्णे, अर्क व बाष्पनशील तेले यांना ही संज्ञा लावतात. हळद, लसूण, ओवा, दालचिनी व लवंग ही त्यांतील प्रमुख होत.

प्रतिजैव पदार्थांचा हा उपयोग योगायोगाने कळला. १९४८–५० या काळात टॉमस ज्यूक्स व रॉबर्ट स्टोकस्टॅड हे अमेरिकन शास्त्रज्ञ पिलांसाठी ब१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसीनाच्या निर्मितीत उरलेला चोथा खाऊ घातलेली पिले अपेक्षेहून अधिक वाढली. चोथ्यात राहिलेले ऑरिओमायसीन हे त्याचे कारण ठरले. टनभर खाद्यास काही ग्रॅम पुरत असल्याने ही प्रथा जगभर पसरली. अशा मात्रेने आतड्यातील सूक्ष्मजंतू घटून अन्नाचा अधिक वाटा पिलास मिळतो व आतड्याचे अस्तर पातळ राहून शोषण सुधारते, असे मानतात. मात्र याच अपुऱ्या मात्रेत दुर्बळ जंतू मरतात आणि प्रतिकारक्षम तगून वाढतात. ते विष्ठेच्या खतातून शेतात व पाण्यात, तर मांसाबरोबर स्वयंपाकघरात पोहोचतात. स्वीडनने १९८६ मध्ये व यूरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वृद्धीसाठी होणारा वापर बंद केला. माणसांच्या गंभीर संसर्गांत शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या कोलिस्टिनाला दाद न देण्याचा गुण एका जंतूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, असे २०१५ मध्ये चीनमध्ये दिसून आले. भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्योपयोगी प्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली.

ओव्यातील थायमॉल, लवंगेतील यूजेनॉल व दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड हे पदार्थ जंतूंच्या पेशीपटलास इजा करतात. लसणातील ॲलिसीन पाकळी ठेचल्यावर तयार होते व लवकर नाश पावते. गोळी खाद्य बनविताना दिल्या जाणाऱ्या वाफेच्या उष्णतेत ते फारसे टिकत नाही. बाष्पनशील तेलेही उडून जातात, म्हणून ती आवरणयुक्त कणांच्या रूपात वापरणे श्रेयस्कर. कडुनिंबाच्या पानांची मात्रा वाढल्यास कडूपणामुळे कोंबड्या खाद्य कमी खातात. प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, यात नवल नाही : जात, जमीन, काढणीचा काळ व साठवण यांनुसार एकाच वनस्पतीतील क्रियाशील घटक बदलतात. ‘हर्बल’ एवढेच छापलेल्या पुडीवरून त्यामुळे काहीच कळत नाही. घटकाचे प्रमाण कळले पाहिजे.

मराठवाड्यात या विषयाला विशेष महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कोंबडीखाद्याचा मुख्य घटक असलेला मका मोठ्या प्रमाणावर होतो, तर हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध आहे. पावसात भिजलेल्या किंवा नीट न वाळविलेल्या मक्यावर बुरशी येऊन अफ्लाविष तयार होते व ते पिलांच्या यकृतास बाधते. खाद्यात सुमारे अर्धा टक्का हळदपूड मिसळल्यास ही बाधा अंशतः कमी होते, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु हळदीतील कुर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि बाजारातील पुडीत रंगासाठी शिसेयुक्त भेसळ असल्यास उपायच अपायकारक ठरतो. मका वाळविणे हळदीहून स्वस्त पडते.

वनस्पतिज द्रव्यांचा लाभ शेडच्या स्थितीवरही अवलंबून असतो. गादी कोरडी, हवा खेळती व पाणी स्वच्छ असेल, तर वृद्धिवर्धकास करण्याजोगे फारसे काही उरत नाही. डेन्मार्कमधील ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ मध्ये प्रतिजैव वृद्धिवर्धके सोडली, तेव्हा किलोभर मांसास खाद्य किंचितच अधिक लागले आणि मरतूक वाढली नाही. महाराष्ट्रात करार पद्धतीने होणाऱ्या ब्रॉयलरपालनात पिले, खाद्य व औषधे कंपनी पुरविते, तर शेड व श्रम शेतकऱ्याचे असतात. गादी उलटणे त्याच्या हाती असते. गोणीत काय मिसळावयाचे, हे मात्र खाद्य कारखान्यात ठरते.